केरबानं माघारी आणलेली दवंडी

फार वर्षांपूर्वी, हरणतळ्यात पोस्टाची पेटी लागली त्याच्याही आधी, गावात बातमी एकाच वाटेनं यायची. ती केरबाच्या गळ्यातून यायची.

हरणतळं तेव्हा तीनशे उंबऱ्यांचं गाव होतं. वर मुख्य गाव आणि त्याच्या सात विहिरी. खाली नदीच्या अंगाला, मोठ्या चिंचेच्या पलीकडे, खालची वस्ती आणि तिची एक विहीर. केरबा खालच्या वस्तीतला. दवंडी द्यायचं काम त्याच्या घराण्याकडे पाच पिढ्या होतं. शिवाशिवीचा काळ होता. केरबाला वरच्या गावातल्या एकाही विहिरीच्या कट्ट्यावर पाय ठेवता येत नव्हता, एकाही घराचा उंबरा ओलांडता येत नव्हता. त्याचा आवाज मात्र माजघरापर्यंत जायचा, चुलीपर्यंत जायचा, देव्हाऱ्यापर्यंत जायचा. आवाजाला कुणी अडवत नव्हतं.

आणि आवाज होताही तसाच. केरबानं हलगीवर टिपरी मारून ‘ऐका होऽऽ’ म्हटलं की गोठ्यातल्या म्हशी रवंथ करायच्या थांबायच्या, असं म्हणतात. चावडीपुढच्या पिंपळावरचे कावळे उडायचे आणि दवंडी संपेपर्यंत खाली बसायचे नाहीत, असं म्हणतात. नदीपलीकडे औत हाकणारा माणूस बैल उभे करायचा आणि कानामागे हात धरायचा.

दुसऱ्या गावांतले दवंडीवाले सांगितलं तेवढं सांगत. केरबा तिखटमीठ लावून सांगे. कुणाची शेळी हरवली तर तो त्या शेळीची शिंगं, तिची चाल, तिचा तोरा यांचं असं काही वर्णन करी की गाव शेळी शोधायचं सोडून हसत सुटे. दवंडीच्या शेवटी दोन ओळी जुळवायची त्याला सवय होती. त्या ओळी पोरांच्या तोंडी बसत, जात्यावर बसत, महिना महिना उतरत नसत.

अंजिरा, त्याची बायको, भाकरी थापता थापता ऐकायची आणि म्हणायची, “शेळी हरवलीया का लगीन हाय तिचं?”

“तू गप. लोकांच्या ध्यानात ऱ्हायला पायजे.”

“ऱ्हातंय की. शेळी सोडून समदं ऱ्हातंय.”

केरबा हसायचा. बाहेर सारं गाव त्याचं ऐकायचं. घरात ही एकटीच त्याला बोल लावायची, आणि तिनं बोल लावला नाही तर दवंडी फसली असं तो समजायचा.

हरणतळ्याचा एक रिवाज होता. दिलेली दवंडी माघारी घ्यायची नाही. ज्याची दवंडी खोटी निघेल त्याची हलगी चावडीच्या खुंटीला टांगायची, आणि टांगलेली हलगी पुन्हा उतरवायची नाही. त्या घराण्याचा मान तिथं संपला. पाच पिढ्यांत केरबाच्या घरची हलगी त्या खुंटीला कधी लागली नव्हती. केरबाला याचा फार अभिमान होता. गावालाही होता. आमच्या केरबाच्या तोंडून आलं म्हणजे ते खरंच, असं हरणतळ्याची माणसं बाजाराच्या गावी जाऊन सांगत.

मग ते पटकीचं वर्ष आलं.

नदीच्या वरच्या अंगाच्या गावांत माणसं हगवण-वांतीनं आडवी होऊ लागली. सकाळी धडधाकट असलेला माणूस दिवे लागायच्या आत जाई. तालुक्याच्या दवाखान्यानं एक कंपाउंडर पाठवला. तरुण होता, चष्मा लावायचा, पाठीवर कातडी पिशवी. गावात आला तो थेट विहिरींवर गेला. एकेका विहिरीत त्यानं जांभळट पूड टाकली. पाणी लालजर्द झालं. बायका घागरी घेऊन आल्या आणि विहिरीत डोकावून मागं सरल्या. कंपाउंडरनं खिशातून कागद काढला आणि उभ्या उभ्या वाचला : “सर्व रयतेस कळविण्यात येते की, साथीच्या प्रतिबंधार्थ जलाशयांचे शुद्धीकरण करण्यात आले असून सदर जलाचे प्राशन निर्धोक आहे.”

वाचून त्यानं कागद घडी घालून खिशात ठेवला. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या.

“काय म्हनला गं?”

“निर्धोक म्हनला. म्हंजी धोका हाय.”

चूक त्या बायकांची नव्हती. कंपाउंडरला औषध ठाऊक होतं, पण गावाशी बोलायचं कसं ते ठाऊक नव्हतं. गावात ज्याला ते ठाऊक होतं तो चिंचेखाली बसून वाट बघत होता, की आत्ता बोलावणं येईल. ते आलं नाही. केरबाच्या मनात ही गोष्ट काट्यासारखी रुतली. सरकारचा माणूस गावात येतो, आठ विहिरींत काय वाटेल ते टाकतो आणि हलगीला विचारतसुद्धा नाही!

दुसऱ्याच दिवशी बाजारातून बातमी आली. वरच्या अंगाच्या कुठल्याशा गावात असंच लाल पाणी केलं आणि सात माणसं मेली. खरं असं होतं की ती माणसं आधीच पडलेली होती, म्हणून तर औषध तिथं गेलं होतं. जिथं जिथं साथ, तिथं तिथं औषध पोचायचं. लोक उलट बाजूनं बघायचे. म्हणायचे, जिथं जिथं औषध, तिथं तिथं साथ.

म्हाळोजी पाटलानं केरबाला चावडीवर बोलावलं. पाटील वाईट माणूस नव्हता. त्याच्या हातात तीनशे घरं होती आणि तो घाबरला होता.

“दवंडी दे,” तो म्हणाला. “विहिरीचं पानी कुनी प्यायाचं न्हाई. देवीच्या डोहातलं आना. आन् त्या पूडवाल्याला गावात थारा द्यायचा न्हाई.”

एवढंच सांगायचं होतं. केरबानं तेवढंच सांगितलं असतं तर कदाचित आठ दिवसांत लोक विसरलेही असते. पण तो केरबा होता, आणि त्याच्या मनात काटा होता. चावडीपुढं उभा राहून त्यानं टिपरी उचलली, सात मेलेली माणसं अशी उभी केली जणू त्यानं स्वतः खांदा दिला होता, आणि शेवटी दोन ओळी जुळवल्या :

लाल इहीर, लाल पानी,
प्याला तो गेला, राहिली कहानी!

कावळे उडाले. त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत खाली बसले नाहीत, असं म्हणतात.

तिन्हीसांजेला पोरं त्या ओळी म्हणत लगोरी खेळत होती. सकाळी जात्यावर त्याच ओळी. तिसऱ्या दिवशी त्या नदी ओलांडून गेल्या. वरचं गाव देवीच्या डोहावर पाणी भरू लागलं. त्याच नदीत, दोन कोस वर, पटकीनं पडलेल्यांचे कपडे धुतले जात होते. ते डोहावरून कुणाला दिसत नव्हतं. डोहाचं पाणी नितळ होतं, थंड होतं आणि लाल नव्हतं.

खालच्या वस्तीपुढे मात्र अडचण होती. देवीच्या डोहाला शिवायची त्यांना बंदी होती. त्यांना पाणी म्हणजे त्यांची ती एक विहीर. ती लाल. दोन दिवस वस्तीनं तहान काढली. मग म्हातारी माणसं म्हणाली, तहानेनं मरायचं ते पाण्यानं मरू, आणि घागर सोडली. वरच्या गावानं हाकललेला कंपाउंडरही वस्तीच्या चिंचेखाली येऊन राहिला होता. दर चार दिवसांनी तो त्या विहिरीत पूड टाकी. त्याला तिथंही कुणी बोलवलं नव्हतं, पण तिथं कुणी हाकललंही नाही.

एकटी अंजिरा विहिरीवर गेली नाही. डोहाच्या खाली, जिथं डोहातलं पाणी खडकावरून उतरतं, तिथं ती घागर घेऊन जाऊ लागली. शेजारणीनं विचारलं तर म्हणाली, “दवंडीवाल्याच्या बायकूनंच ऐकलं न्हाई, तर गावानं का ऐकावं?”

केरबाला ती पाणी आणून द्यायची. पण तो त्या दिवसांत घरी कुठला? दवंडी गाजली होती. आसपासची गावं त्याला बोलवून नेत होती, जेवू घालत होती, पुन्हा एकदा म्हण म्हणत होती. तो ज्याच्या घरी जाई तिथलं पाणी पिई. ते कुठलं होतं, हे त्यानं कधी विचारलं नाही.

सातव्या दिवशी वरच्या गावात पहिली तिरडी बांधली. मग तिरड्यांचा हिशेब कुणी ठेवला नाही. नवव्या दिवशी केरबा परत आला तेव्हा अंजिरा भिंतीला टेकून बसली होती. तिला बोलवत नव्हतं. त्यानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. ती त्याच्याकडे बघत होती आणि त्याला वाटत होतं, आत्ता ही काहीतरी बोलेल, काहीतरी बोल लावेल. दिवस कलायच्या आत ती गेली.

तिसऱ्या दिवशी नदीकाठी तिची राख सावडायला सगळी वस्ती आली. केरबा खाली मान घालून बसला होता. केव्हातरी त्यानं मान वर केली आणि समोरच्या माणसांकडे पाहिलं. सगळे होते. काठी टेकणारे म्हातारे होते. अंगावर पिणारी लेकरं होती. कालपर्यंत दमा लागून खाटेवर असलेला त्याचा चुलताही आला होता. चाळीस घरांची वस्ती, आणि एक माणूस कमी नव्हतं.

कमी होती ती एकटी अंजिरा.

वर गावाच्या दिशेनं रडण्याचे आवाज येत होते. केरबा उठला. चिंचेखाली गेला आणि कंपाउंडरपुढं उभा राहिला.

“त्या पुडीनं मानूस मरतं का?”

“नाही,” कंपाउंडर म्हणाला. “जगतं.”

“मग त्या दिशी असं का न्हाई सांगितलंस?”

“सांगितलं होतं. वाचून दाखवलं होतं.”

“तू सांगितलंस ते कुनाला कळलं न्हाई,” केरबा म्हणाला, “आन् म्या सांगितलं ते समद्यास्नी कळलं. दोगांनीबी गाव मारलं. चल ऊठ.”

तो चावडीवर गेला. सुतकात होता, तरी गेला. पाटलापुढं उभा राहून म्हणाला, “दवंडी माघारी घ्याची हाय.”

पाटलाच्या घरातही दोघं पडली होती. त्याचे डोळे तांबडे झाले होते. “माघारी घेतलेली दवंडी ऐकलीया का कुनी कधी? खुळा झालास का? आज म्हनशील इहीर चांगली, उद्या म्हनशील वाईट. मग गाव तुजं कशाला ऐकंल?”

“न्हाई ऐकलं तर न्हाई. पन खोटं तरी माज्या तोंडचं ऱ्हानार न्हाई.”

“पाच पिढ्यांचा मान हाय, केरबा.”

केरबानं गळ्यातली हलगी काढली. चावडीच्या त्या खुंटीला स्वतःच्या हातानं टांगली. पाच पिढ्यांत जे झालं नव्हतं ते त्यानं केलं.

आधी त्याला वाटलं होतं की नव्या ओळी जुळवाव्यात, चांगल्या औषधाच्या. त्यानं जुळवल्याही. पाटलाच्या आळीत उभा राहून म्हणाला, तर ओटीवरची पोरं खिदळली आणि त्याच चालीवर त्याला जुन्याच ओळी म्हणून दाखवल्या. त्याला कळलं, की या ओळी आता त्याच्या राहिल्या नव्हत्या. गाण्यानं गाणं पुसता येत नाही. मग त्यानं ओळी सोडल्या, चाल सोडली, ओरडणं सोडलं. राहिलं ते साधं बोलणं. ते त्यानं आयुष्यात कधी केलं नव्हतं.

वरच्या गावातल्या पहिल्या विहिरीवर कंपाउंडरनं पूड टाकली. पाणी लाल झालं. लोक लांब उभे. केरबा कट्ट्याच्या खाली उभा राहिला. त्याला स्वतः पाणी शेंदता येत नव्हतं. दुसऱ्या कुणीतरी काढून वरून ओतायला हवं होतं, आणि लाल पाण्याला हात लावायला कुणी पुढे येत नव्हतं. केरबा ओंजळ धरून उभा. ऊन वर चढलं. ओंजळ तशीच.

शेवटी भागा कोळीण पुढे झाली. वरच्या गावात घरोघर पाणी भरायचं तिचं काम होतं. डोहाचं पाणी तिनंच बारा घरांत पोचवलं होतं, आणि त्यातल्या पाच घरांत आता चूल पेटत नव्हती. तिची जीभ गावात सगळ्यांत धारदार.

“काय रं केरबा,” ती म्हणाली, “परवा तर यमाची गानी गात हुतास. आज तहान लागली व्हय?”

“लागली, भागाबाय.”

“मेलास म्हंजी?”

“म्हंजी खरं बोललो हुतो असं म्हन. न्हाई मेलो तर खोटं.”

भागानं पोहरा सोडला. लाल पाणी वर आलं. तिनं ते वरून धारेनं ओतलं आणि केरबा प्याला. सात ओंजळी प्याला. मग तो तिथंच मातीत बसला, सगळ्यांच्या देखत, आणि म्हणाला, “माजं चुकलं. म्या सात मेलेली मानसं बघितली न्हवती. बाजारात ऐकलं, आन् बघितल्यागत सांगितलं. माजी अंजिरा माजं ऐकून डोहाचं पानी प्याली. ती गेली. वस्ती लाल पानी प्याली. वस्ती हाय. जाऊन मोजा.”

एवढंच. ना टिपरी, ना यमक.

कुणी पाणी भरलं नाही. भागा मात्र तोंडाला पदर लावून उभी राहिली आणि मग, कुणाला काही न सांगता, तिनं स्वतःची घागर त्या विहिरीत सोडली.

मग केरबा घराघरापुढं गेला. सुतक होतं, जात होती, म्हणून उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहायचा. घरातलं कुणीतरी बाहेर येईपर्यंत उभा राहायचा. तेच सांगायचं. सांगून झालं की म्हणायचा, “म्या काय सांगितलं, सांगा.” लोकांना राग यायचा. तो जायचा नाही. घरातल्या माणसानं ते आपल्या तोंडानं परत म्हटलं, की मगच पुढच्या घरी. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पण आपण ओरडलो ते लोकांच्या कानात राहतं आणि ते स्वतः बोलतात ते त्यांच्या मनात राहतं, एवढं त्याला आता कळलं होतं.

तीनशे उंबरे. पाच दिवस. प्रत्येक विहिरीवर सात ओंजळी. दुसऱ्या विहिरीवरही भागानं ओतलं. तिसऱ्या विहिरीवर ओतायला एक सुतारीण आली, आणि चौथ्या विहिरीवर तर कोण आधी ओतणार म्हणून दोघी भांडल्या. पाचव्या दिवशी केरबाचा आवाज पूर्ण बसला होता. तो नुसता ओठ हलवायचा आणि कुजबूज बाहेर पडायची. तरीही त्या दिवशी त्याची कुजबूज बंद दारांच्या आत, आजाऱ्यांच्या उशाशी, नीट ऐकू आली, असं म्हणतात. आणि त्या औषधानं त्याचे ओठ जांभळे झाले ते मरेपर्यंत तसेच राहिले, असं म्हणतात.

शेवटी पाटलानं आपल्या घरच्या घागरी विहिरीवर पाठवल्या. त्या घागरी विहिरीवर उतरल्या, ते गावानं बघितलं. संध्याकाळपर्यंत डोहाची वाट ओस पडली होती.

आठ दिवसांनी हरणतळ्यात तिरडी बांधायची थांबली.

गोष्ट इथंच थांबली असती. पण दवंडी नदीपलीकडे गेली होती. नदीखालच्या सात गावांत लोक अजून तेच म्हणत होते आणि विहिरी टाळत होते. केरबा निघाला. सोबत कंपाउंडर, आणि कंपाउंडरची पिशवी डोक्यावर घेऊन भागा.

पहिल्याच गावी त्यानं आपली दवंडी ऐकली आणि त्याला ती ओळखू येईना. सात माणसांची तिथं सत्तर झाली होती. लाल पाण्यानं बायका वांझ होतात, हेही त्यात आलं होतं. आणि शेवटी प्रत्येक जण म्हणायचा, हे हरणतळ्याच्या केरबानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

“म्याच केरबा,” केरबा बसलेल्या गळ्यानं म्हणाला. “म्या काय बी बघितलं न्हाई.”

पारावरची माणसं हसली. “तू केरबा? अरं, केरबा हत्तीएवढा हाय म्हनत्यात. त्येच्या आवाजानं कावळं उडत्यात. तुज्या आवाजानं तर माशीबी उठंना.”

“हलगी कुटं हाय तुजी?” दुसऱ्यानं विचारलं.

हलगी खुंटीला होती. भागा म्हणाली, “अवो, ह्योच त्यो. म्या ह्याला पानी वतलंय.” पण तिला तरी तिथं कोण ओळखत होतं?

केरबा पारावरून उतरून नदीकाठी गेला. गंमत बघायला माणसं मागोमाग गेली. समोर दूरवर, वळणापलीकडे, हरणतळ्याची टेकडी दिसत होती. संध्याकाळी दवंडीहून परतताना तो नेहमी नदीच्या या अंगानं हाक मारायचा. भाकरी टाकायला घे, असा त्याचा अर्थ असायचा. त्यानं तोंडाशी दोन्ही हात नेले. दुसरा कुठलाही शब्द त्याला सुचला नाही.

“अंजिरेऽऽऽ”

बसलेला गळा फुटला, असं म्हणतात. हाक नदीवरून गेली, टेकडीला लागली आणि माघारी आली. काठावरच्या झाडांतले सगळे कावळे उडाले. हरणतळ्यात लोक घराबाहेर आले. खालच्या वस्तीत केरबाच्या बंद घराची कडी हलली, असंही म्हणतात. कावळे उडाले होते, एवढं तर त्या गावानं डोळ्यांनी बघितलं.

ज्यानं हत्तीची थट्टा केली होती तो पुढे आला आणि म्हणाला, “सांग. काय सांगायचं हाय ते सांग.”

केरबानं सांगितलं. मग विचारलं, “म्या काय सांगितलं?”

त्यानंतर त्यानं आयुष्यात पुन्हा मोठ्यानं आवाज काढला नाही. सात गावं फिरला. प्रत्येक विहिरीवर प्याला, प्रत्येक उंबऱ्यापुढं उभा राहिला. जिथं जिथं त्याची खोटी दवंडी पोचली होती, तिथं तिथं तो स्वतःच्या पायांनी पोचला. खोटी दवंडी तीन दिवसांत पोचली होती. तिला माघारी आणायला त्याला दोन महिने लागले.

तो परत आला तेव्हा गाव वेशीवर उभं होतं. पाटलानं खुंटीवरची हलगी काढून हातात धरली होती. रिवाज मोडून पाटील ती केरबाला देत होता. केरबानं घेतली नाही. “असू द्या तितंच,” तो म्हणाला. “ऱ्हाईल कुनाच्या तरी ध्यानात.”

बाकीच्या गावांना आपापले वीर आहेत. कुणाच्या वेशीवर लढाईत पडलेल्याचा दगड आहे, कुणाच्या देवळात वाघ मारणाऱ्याची मूर्ती आहे. हरणतळ्याच्या माणसाला विचारलंत तर तो ताठ मानेनं सांगेल, आमच्या गावात एक माणूस होऊन गेला, तो चुकला आणि त्यानं चूक घरोघर जाऊन सांगितली. असा दुसरा दाखवा.

आणि नुसतं सांगून ते थांबत नाहीत. हरणतळ्यात आजही कुणाच्या तोंडून गावात खोटी गोष्ट पसरली, मग ती रोगाची असो, औषधाची असो की लसीची, तर त्याला केरबाची फेरी घालावी लागते. दंड नसतो, पंचायत बसत नाही. त्यानं सकाळी अनवाणी निघायचं, पहिल्या विहिरीपासून सुरुवात करायची. घरोघर उभं राहून ‘माझं चुकलं’ म्हणायचं, खरं काय ते साध्या शब्दांत सांगायचं, आणि समोरच्याकडून ते म्हणवून घ्यायचं. घरातल्यांनीही एक पाळायचं असतं. त्याला हसायचं नाही. आत बोलवायचं आणि प्यायला पाणी द्यायचं. जात कुठलीही असो, त्या दिवशी उंबऱ्याबाहेर कुणाला उभं ठेवत नाहीत.

आता दवंडी राहिली नाही, मोबाइल आले. मागच्या मोठ्या साथीत शाळेचे घाटगे गुरुजी चुकले. लस घेतली की माणूस दोन वर्षांत जातो, असा कुठूनसा आलेला निरोप त्यांनी गावच्या ग्रुपवर पुढे ढकलला होता. शिकलेल्या माणसानं पाठवला म्हणून लोकांनी खरा मानला. लसीच्या दिवशी शाळेत नर्स एकटी बसून राहिली. निरोप खोटा आहे हे कळल्यावर गुरुजींनी तो ग्रुपवरून काढून टाकला आणि खाली लिहिलं, ‘चुकून आला, दुर्लक्ष करावे.’

सरपंचबाई त्यांच्या घरी गेल्या. म्हणाल्या, “गुरुजी, असं न्हाई चालत हितं.”

दुसऱ्या दिवशी गुरुजी पायातल्या चपला दारात काढून निघाले. चारशे घरं. पहिल्या घरी त्यांना बोलताच येईना. दहाव्या घरी जमू लागलं. फेरीच्या तिसऱ्या दिवशी दुपारी ते खालच्या वस्तीत पोचले. तिथं एका घरात नव्वदीची रत्नाबाई खाटेवर बसली होती. लस घ्यायची नाही म्हणून हटून बसलेली. गुरुजी पाणी प्यायले, त्यांनी भरभर सगळं सांगितलं आणि ते हात जोडून उठू लागले.

म्हातारी म्हणाली, “बसा खाली. केरबाला पाच दिस लागलं हुतं. तुमचं तिसऱ्या दिशीच आटपाया लागलं? मला काय बी कळलं न्हाई. दमानं सांगा.”

गुरुजी खाली बसले, आणि त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.